हेडमास्तरची खुर्ची आणि कुणब्याचें पोर

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत चौकशी कशाची होत नाहीं? ग्रामपंचायतींत कोणाचें पॅनेल आलें, कारखान्याचा चेअरमन कोण झाला, सोसायटीचें कर्ज कोणास मिळालें, यात्रेंत पहिल्या नारळाचा मान कोणाचा, यावर पारावर रात्र रात्र खल चालतो. बैल घ्यावयाचा तर दांत पाहतात, खूर पाहतात, चार पावलें चालवून पाहतात. परंतु ज्या शाळेंत आपल्या पोटचें लेंकरूं पांच-सात वर्षें धाडावयाचें त्या शाळेचा हेडमास्तर कोण, तो वर्गांत जातो कीं टेबलाशीं बसून कागद काळे करतो, हें विचारणारा माणूस दहा गांवें फिरलें तरी एखादाच भेटतो. 'गुरुजी बरे आहेत' किंवा 'गुरुजी बरे नाहींत' एवढ्यावर आमचा विचार संपतो.

आम्ही स्पष्ट सांगतों. शाळा तरते कीं बुडते हें भिंतीच्या रंगावर नाहीं, सरकारनें दिलेल्या टॅबवर नाहीं, आणि एकेकट्या मास्तरच्या हुशारीवरही सर्वस्वीं नाहीं. तें पुष्कळ अंशीं हेडमास्तरच्या खुर्चीवर आहे. ती खुर्ची आज आमच्या खेड्यांत एक तर मुळींच नाहीं, नाहीं तर कागदांच्या गठ्ठ्याखालीं दडपली आहे, नाहीं तर सोयऱ्याधायऱ्यांस आंदण दिली आहे. याचा तोटा कोणास? तालुक्याच्या गांवीं इंग्रजी शाळेंत पिवळ्या गाडींतून पोर पाठविणाऱ्यास नव्हे. ज्याच्या पोरास जिल्हा परिषदेच्या शाळेवांचून दुसरें दार नाहीं, त्या कुणब्यास, धनगरास, कुंभार-सुतार-लोहारास, तांड्यावरच्या लमाणास आणि वस्तींतल्या मजुरास.

हेडमास्तर करतो तरी काय, असें कोणी विचारील. चार मास्तरांची शाळा घ्या. पहिलीचा वर्ग कोणाच्या हवालीं करावयाचा हें हेडमास्तर ठरवितो. शहाणा हेडमास्तर सर्वांत तयार शिक्षक पहिलीस देतो, कारण तेथें अक्षर बसलें तर पुढचें सर्व सोपें. आळशी हेडमास्तर पहिलीचा वर्ग जो 'नाहीं' म्हणत नाहीं त्याच्या गळ्यांत बांधतो. कोणत्या वर्गांतलीं किती मुलें अडखळल्याशिवाय वाचतात हें तो स्वतः मुलांजवळ बसून पाहतो कीं वर्गशिक्षकानें दिलेला आंकडा तसाच पुढें धाडतो, यावर त्या शिक्षकाचा पुढचा आठवडा ठरतो. एखाद्या गुरुजीस भागाकार नीट शिकवितां येत नाहीं. असे गुरुजी असतात, त्यांत त्यांचा अपमान नाहीं. पण त्यास तें कोणापुढें बोलतां येतें काय? चांगल्या हेडमास्तरच्या शाळेंत येतें. तो म्हणतो, उद्यां तुमच्या वर्गांत हा पाठ मी घेतों, तुम्ही मागें बसून पाहा; परवां तुम्ही घ्या, मी बसतों. वाईट हेडमास्तरच्या शाळेंत गुरुजी तें पान उलटून पुढें जातात आणि वर्गभर लेंकरें जन्माचीं भागाकारास भितात. बाजाराच्या दिवशीं शाळा किती वाजतां भरते, चार दिवस न आलेल्या पोरीच्या घरीं कोणी जातें कीं हजेरींत नुसती फुली पडते, गोष्टींचीं पुस्तकें कपाटांत कुलुपांत राहतात कीं मुलांच्या हातांत मळतात, हीं सारीं बारीक कामें त्या एका खुर्चीवरून होतात किंवा होत नाहींत. ज्या शेताच्या बांधावर मालक रोज फिरतो त्याचें पीक, आणि ज्याचा मालक पुण्यास बसून फोनवर विचारतो त्याचें पीक, यांत काय अंतर पडतें हें आम्हीं कुणब्यास सांगावयास नको.

हें आमचें एकट्याचें मत नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या शाळांचा हिशेब ब्रँच, हनुशेक व रिव्हकिन या तीन पंडितांनीं मांडून २०१३ सालीं प्रसिद्ध केला. चांगल्या हेडमास्तरच्या हाताखालीं साधारण मूल एका वर्षांत दोन ते सात महिन्यांचें शिक्षण अधिक मिळवितें, आणि नालायकाच्या हाताखालीं तितकेंच गमावतें, असें त्यांत निघालें. न्यूझीलंडांतील व्हिव्हियन रॉबिन्सन बाईंनीं सहकाऱ्यांसह पूर्वींचे अनेक अभ्यास एकत्र करून २००८ सालीं सांगितलें कीं, हेडमास्तरच्या सर्व कामांत मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम कशाचा होत असेल तर तो शिक्षकांच्या शिकण्यांत स्वतः सामील होण्याचा. हुकूम सोडण्याचा नव्हे, सामील होण्याचा. टेक्सास कोठें आणि परांडा कोठें, असें म्हणून कोणी हंसेल तर हंसो. लेंकराचें डोकें तेथेंही तेंच आणि येथेंही तेंच.

आणि परदेशचा दाखला नको असेल तर आपल्या तेरास चला. गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट आमच्या जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? संतांच्या मेळ्यांत मुक्ताबाईनें विचारलें कीं, काका, यांत कच्चें मडकें कोणतें? तेव्हां काकांनीं थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिली, अशी कथा सांगतात. काकांनीं अहवाल मागविला नाहीं. कोणाच्या नांवापुढें कोणता शेरा आहे हें पाहिलें नाहीं. हातानें वाजवून पाहिलें. नामदेव कच्चा निघाला, रागावला. पण कथेंत त्यास फेंकून दिलेलें नाहीं, तो पुढें विसोबा खेचरांकडे गेला आणि पक्का झाला. हेडमास्तरचें काम हेंच, दुसरें नव्हे. चौथीच्या प्रत्येक लेंकरापुढें धडा ठेवून 'वाच बाळ' म्हणावें, कच्चें कोण तें आपल्या कानानें ऐकावें आणि त्यास पुन्हां चाकावर घ्यावें. आमच्या गांवांतल्या कुंभारास जें कळतें तें शिक्षणखात्याच्या कचेरींत कळत नाहीं, हें दुर्दैव.

महात्मा जोतीराव फुल्यांस तें कळलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्यांत नुसत्या 'शाळा काढा' एवढ्या रडगाण्यावर ते थांबले नाहींत. प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतून तयार करावे, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांस लाज वाटूं नये, असें त्यांनीं सांगितलें. आणि जी गोष्ट आम्ही जोतीरावांचे अनुयायी म्हणविणारे साफ विसरलों ती ही कीं, शाळांवरील देखरेखीचे वाभाडे त्यांनीं त्याच निवेदनांत काढले. वर्षांतून एकदां डेप्युटीसाहेबाची फेरी होते तिचा उपयोग काय? तीन महिन्यांतून एकदां तरी तपासणी व्हावी आणि मधूनमधून पूर्वसूचना न देतां कोणी तरी जाऊन पाहावें, अशी त्यांची मागणी होती. आज तपासणी होते ती कशी? साहेब येणार हें आठ दिवस आधीं कळतें, रांगोळी निघते, पाहुण्यांस नारळ-शाल मिळते, आणि चौथींतला जो मुलगा वाचूं शकतो तोच पुढें बसविला जातो. जोतीरावांच्या पुतळ्यास हार घालणें सोपें आहे. त्यांनीं सांगितलेली बिनवर्दीची तपासणी करणें जड जातें. सावित्रीबाईंनीं नुसतें शिकविलें नाहीं, शाळेची मुख्य म्हणूनही कारभार संभाळला, हें तर आमच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतें.

आतां आमच्याच मातींतला दाखला. लोहारा तालुक्यांत हिप्परगा म्हणून गांव आहे. तेथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. त्या काळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत. सरकारी वरच्या वर्गांत शिक्षण उर्दूंतून, मराठी पोराच्या तोंडास कुलूप. खाजगी शाळेवर सरकारचा डोळा वांकडा. अशा आडगांवच्या शाळेंत १९२९ सालीं व्यंकटेश खेडगीकर नांवाचा तरुण आला. पूर्वीं तो कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम करीत होता. हिप्परग्यास तो मुख्याध्यापक झाला, आणि तेथेंच असतांना संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ सालीं तो मोमिनाबादेस, म्हणजे आतांच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी शाळेंत गेला व तेथेंही मुख्याध्यापकी केली. १९३८ सालीं ती खुर्ची सोडून हैदराबाद संस्थानांतल्या सत्याग्रहांत उतरला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली तेव्हां त्या लढ्याचा पुढारी तोच होता. दरसाल १७ सप्टेंबरास आमच्या शाळांत झेंडा लागतो, भाषणें होतात. पण ज्याचें नांव घेतात तो माणूस आधीं आपल्याच जिल्ह्यांतल्या एका खेड्याच्या शाळेचा हेडमास्तर होता, हें किती पोरांस सांगतात? हिप्परग्याच्या शाळेचें नांव आज निघतें तें इमारतीमुळें निघतें काय? अनुदानामुळें निघतें काय? खुर्चींत कोण बसला होता, त्यामुळें निघतें.

आमचे कांहीं मित्र नाक मुरडतील. ब्राह्मणेतरांच्या पत्रांत ब्राह्मणाच्या घरीं जन्मलेल्या हेडमास्तरची स्तुति कशाला, म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आमचें भांडण कोणाच्या जन्माशीं नव्हतें, विद्येच्या मक्त्याशीं होतें. ज्यानें दार उघडलें तो आमचा, ज्यानें लाविलें तो आमचा नव्हे, मग त्याचें आडनांव कांहीं असो. आणि हें वाक्य दुसऱ्या बाजूनेंही लागू पडतें, तें पुढें सांगतों.

आधीं सरकारचा हिशेब. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टांत मेख अशी आहे कीं, पहिली ते पांचवीच्या शाळेंत मुलांचा पट दीडशेंवर असेल तर वेगळा हेडमास्तर. सहावी ते आठवीच्या वर्गांस शंभरांवर पट असेल तर. त्याखालीं नाहीं. आमच्या भूम-वाशीकडच्या वाड्यांत, तुळजापूर-लोहाऱ्याकडच्या तांड्यांत दीडशें लेंकरें कोठून आणावयाचीं? म्हणजे शहराच्या मोठ्या शाळेस हेडमास्तर, आणि जेथें आईबाप निरक्षर, जेथें हेडमास्तरची गरज सर्वांत अधिक, तेथें दोन गुरुजींपैकीं जो जुना तो 'प्रभारी'! हा प्रभारी तीन इयत्ता एकाच खोलींत शिकवितो, खिचडीच्या तांदुळाचा हिशेब ठेवतो, पोर्टलवर माहिती भरतो, मीटिंगेस तालुक्यास जातो, आणि उरल्या वेळांत शाळेचें पुढारपण करतो. उरला वेळ म्हणजे किती, तें वाचकांनींच ठरवावें. या प्रभाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. एकाच बैलाला नांगर, मोट आणि गाडी जुंपणाराचा दोष आहे. याच कायद्याच्या २७ व्या कलमांत शिक्षकांस दशवार्षिक जनगणना, आपत्तींतलें साह्य आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणाबाहेरचें काम देऊं नये असें लिहिलें आहे. पण व्हॉट्सअॅपवर सकाळीं हुकूम येतो, 'आजचे वृक्षारोपणाचे फोटो बारापर्यंत पाठवा', आणि बारापर्यंत पहिलीचा वर्ग वाऱ्यावर.

कागदानें शाळा सुधारते, या भ्रमाची परीक्षा झालेली आहे, म्हणून येथें थोडें थांबतों. मध्य प्रदेशांत शाळांचें पुढारपण सुधारण्यासाठीं मोठी योजना निघाली. प्रत्येक शाळेची तपासणी करावयाची, तिला गुण द्यावयाचे, आणि तिनें आपल्या सुधारणेचा आराखडा लिहावयाचा. कार्तिक मुरलीधरन व अभिजीत सिंग या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं कांहीं शाळांत योजना व कांहींत नाहीं अशी तुलना करून २०२० सालीं निकाल प्रसिद्ध केला. तपासण्या झाल्या, आराखडे लिहिले गेले, कागद वरपर्यंत पोंचले. मात्र शिकविण्याची रीत बदलली नाहीं आणि मुलें तिळभर अधिक शिकलीं नाहींत. असें असूनही ती रीत मोडीत न काढतां पसरविली गेली. 'शाळासिद्धी' हें नांव आमच्या गुरुजींस परकें नाहीं. त्या रकान्यांत त्यांनींही रात्री घालविल्या आहेत. वर्गांत न जाणारा हेडमास्तर व शाळेंत न जाणारा साहेब, दोघांसही कागद सोयीचा. लेंकराचें वाचन कोणाच्याच रकान्यांत बसत नाहीं.

आतां आमच्याच घरांतलें उष्टें काढतों. खाजगी संस्थांच्या हायस्कुलांचे चालक आज कोण आहेत? पूर्वीं शेटजी-भटजींचा मक्ता होता म्हणून आमच्या वाडवडिलांनीं बोर्डिंगें काढलीं. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत सक्तीचें शिक्षण चालू केलें. कर्मवीर भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून झाडाखालीं शाळा भरविल्या. त्या झाडाच्या सावलींत वाढलेले आमचेच भाऊबंद आज संस्थाचालक आहेत. आणि ते काय करतात? १९८१ च्या नियमांत हेडमास्तर सेवाज्येष्ठतेनें व पात्रतेनें नेमावा असें आहे. सेवाज्येष्ठतेचाही मेळ असा कीं, जो सर्वांत आधीं चिकटला तो सर्वांत आधीं खुर्चींत, मग वर्गांत त्याचा जीव रमो वा न रमो. आणि पहिल्यानें चिकटला कोण? बहुतेक ठिकाणीं चालकाचा पुतण्या, मेहुणा, जांवई. असा जांवई हेडमास्तर झाला म्हणजे हाताखालच्या मास्तरास 'तुमचा पाठ कच्चा आहे' असें सांगण्याचा त्याचा नैतिक अधिकार कोठें उरला? मास्तरही ओळखून असतात. तो त्यांच्या वर्गांत जात नाहीं, ते त्याच्या कचेरींत जात नाहींत, आणि दोघांचा पगार एक तारखेस होतो. जानवें घालून विद्येचा मक्ता केला तर पाप, आणि पटका बांधून केला तर समाजसेवा, असा न्याय आम्हांस मान्य नाहीं. हें लिहिल्यानें कांहीं वर्गणीदार तुटतील, तुटोत.

मास्तरांच्या बाजूचें एक म्हणणें मात्र खरोखर ऐकण्यासारखें आहे. ते म्हणतात, पोरेंच नाहींत तर हेडमास्तर काय भिंतीस शिकविणार? दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात, तान्ह्यासकट गाडींत बसतात, आणि परत येतात तीं गुढीपाडव्याच्या सुमारास. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांत ही रडकथा घरोघरीं आहे. २०१८ सालीं नीति आयोगानें महाराष्ट्रांतले चार जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्या पंक्तीस आमचा जिल्हा, तेव्हांचा उस्मानाबाद, बसविला. ही थोरवी नव्हे, मागासपणाचा शिक्का आहे. नांव कितीही गोड ठेवलें तरी.

तें सर्व खरें. परंतु येथेंच हेडमास्तर कोण याचा फरक पडतो. ऊसतोड्यांच्या लेंकरांसाठीं हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेंत आहे. मूल आजीजवळ किंवा गांवांत राहावें, त्यास जेवण मिळावें, शाळा सुटूं नये, हा तिचा हेतु. ती सोय आपोआप गांवांत चालून येत नाहीं. जागा हेडमास्तर दसऱ्याआधीं तोडणीस जाणाऱ्या घरांच्या उंबऱ्यावर जातो, कोणतें पोर कोणाजवळ ठेवावयाचें हें आईशीं बोलून ठरवितो, यादी करतो, प्रस्ताव वेळेंत धाडतो. झोंपलेला हेडमास्तर दिवाळीनंतर रिकामे बांक मोजतो आणि 'स्थलांतरित' असा शेरा मारून मोकळा होतो. त्याच मातींत, त्याच दुष्काळांत, एका गांवचीं पोरें चैत्रांत वाचतांना दिसतात व दुसऱ्या गांवचीं उसाच्या फडांत वाढे गोळा करून परत येतात, अक्षर विसरून. पाऊस दोघांचा एकच असतो.

मग शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, ही खुर्ची ताळ्यावर कोण आणील? साहेब आणणार नाहीं, त्याची बदली होते. आमदार आणणार नाहीं, त्यास संस्थाचालकाचीं मतें पाहिजेत. कायद्यानें एक काठी तुमच्या हातीं दिली आहे, ती तुम्ही खुंटीस टांगून ठेवली आहे. कलम २१ प्रमाणें शाळा व्यवस्थापन समिती असते. तींत चार सभासदांपैकीं तीन पालक पाहिजेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणें, पैसा कोठें गेला तें पाहणें, शाळेचा विकास-आराखडा करणें हें तिचें काम. प्रत्यक्षांत काय चालतें? सरपंचाच्या मर्जींतला एक इसम अध्यक्ष होतो, बायांचीं नांवें त्यांच्या नवऱ्यांस न विचारतां लागत नाहींत, सभा कागदावर भरते, आणि समिती म्हणजे सह्याजीरावांचा मेळा ठरतो. ज्या बाईचें पोर त्या शाळेंत आहे तिला निरक्षर म्हणून मागें बसवितात. पण आपलें पोर वाचतें कीं नुसतें पाठ म्हणतें हें त्या बाईइतकें कोणास कळतें? तिनें पुस्तक मधूनच उघडून बोट ठेवावें आणि म्हणावें, येथून वाच.

पुढल्या सभेस जा. हेडमास्तरास खुर्ची द्या, चहा द्या, मान द्या. तो आपला वैरी नाहीं, पुष्कळदां तोही आपल्याच कुणब्याचा पोर आहे. मग विचारा कीं, गुरुजी, या महिन्यांत तुम्ही कोणकोणत्या वर्गांत मागें बसून पाठ पाहिला? तिसरीच्या वर चढलेल्या किती मुलांस अजून वाचतां येत नाहीं, त्यांचीं नांवें सांगा, आंकडा नको. 'वेळ मिळत नाहीं' असें ते म्हणाले तर त्यांचा वेळ कोणत्या कागदांत जातो त्याची यादी तेथल्या तेथें करून घ्या, आणि २७ व्या कलमाचा उल्लेख करून समितीचा ठराव लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यास पाठवा; त्यावर अध्यक्षाची सही असूं द्या, म्हणजे गुरुजी एकटे पडणार नाहींत. पट दीडशेंखालीं म्हणून हेडमास्तर नाहीं असें उत्तर आलें, तर शेजारच्या चार वाड्यांच्या समित्यांनीं मिळून जिल्हा परिषदेंत जावें आणि वाड्यावस्त्यांच्या शाळांस वर्गांत फिरणारा, शिकविण्याच्या बोजांतून मोकळा असा एक तरी माणूस नेमून मागावा. केंद्रप्रमुखाची जागा त्याच कामासाठीं आहे. ती रिकामी असेल तर कां रिकामी, हें लेखी विचारावें. आणि टोळ्या निघण्यास अवकाश आहे तोंच हंगामी वसतिगृहाचा ठराव, मुलामुलींच्या नांवांसह, समितीच्या वहींत चढलेला आपल्या डोळ्यांनीं पाहून घ्यावा. मुकादमाची उचल घरांत आल्यावर त्या वहीस कोणी हात लावीत नाहीं.